नवा क्रँक बसवायचाय? आधी बीबीची नळी मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे मामला असा आहे ना, हायब्रिड सायकल, ७०० x ३५ चे टायर, मागे ८ स्पीडची ११-३२ कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या तीन चकत्यांचा, चौकोनी एक्सलचा क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे आणि चकत्या. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा सायकल दीड दिवस पाण्याखाली होती, नंतर धुतलीत, तेल घातलंत आणि चालवत राहिलात. आता दोन महिन्यांपासून डाव्या पायाखाली कट्-कट् वाजतंय, त्यात एकदा डाव्या क्रँकचा बोल्ट ढिला झाला तरी तशीच ४० किलोमीटर चालवत घरी आलात. मग तुम्ही ऑनलाइन ५०-३४ चा रोडचा क्रँक मागवला, २४ मिलिमीटर एक्सलवाला, सोबत बाहेरच्या बेअरिंगचे कप. आणि दुकानदार म्हणाले हे या फ्रेमला बसतच नाही, फ्रेम बदलावी लागेल. तुम्हाला विचारायचंय की बसेल का, आणि घरी बसवता येईल का.

यात खरं म्हणजे तीन वेगळे प्रश्न एकात गुंतलेत. एक, नवे कप तुमच्या फ्रेमच्या आट्यात जातील का. दोन, गेले तरी त्या क्रँकच्या चकत्या फ्रेमला न घासता, चेन सरळ ठेवून फिरतील का. तीन, पुरात राहिलेली जुनी बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल आणि बेअरिंगचा संच, मुळात बाहेर निघेल का. पहिल्याचं उत्तर बहुतेक हो. दुसऱ्याचं मला बहुतेक नाही असं वाटतंय, कारण पुढे सांगतो. तिसरं सायकल समोर असल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, पण सगळ्यात जास्त काळजी तिथेच घ्यायची आहे. कारण क्रँक, बीबी, चेन, डिरेलर (चेन एका चकतीवरनं दुसरीवर नेणारा भाग) सगळं बाजारात नवं मिळतं, फ्रेमची ती खालची नळी जिच्यात बीबी बसते ती मिळत नाही. तिचे आटे गेले की मग दुकानदार म्हणतात ते खरं होतं, फ्रेम गेली. म्हणून मी माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवसापासून एकच सांगतो, क्रँक हातात घ्यायच्या आधी नळी बघ, नळी मोज, नळी साफ कर.

माझं थोडं सांगतो म्हणजे कुठल्या अनुभवातून बोलतोय ते कळेल. पुण्यात २२ वर्षं सायकल दुरुस्तीचंच काम करतोय. सुरुवात वडिलांच्या दुकानात काळ्या रोडस्टर सायकलींवर झाली, तिथे क्रँक कॉटर पिनने बसतो, आत सुटे छर्रे आणि दोन वाट्या. आता गिअरच्या सायकली जास्त येतात. पावसाळा संपला की कोकणातनं येणाऱ्या सायकलींमध्ये बीबीचंच काम सगळ्यात जास्त असतं, पाणी सीट ट्यूबमधनं, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीतनं, खाली उतरतं आणि या नळीत साचून राहतं.

आधी मोजमाप. तुमच्या वर्गातल्या हायब्रिड सायकलींना ९०-९५ टक्के वेळा इंग्लिश आट्यांची नळी असते, त्यालाच बीएसए म्हणतात, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, नळीची रुंदी ६८ किंवा ७३ मिलिमीटर. जुन्या कपावर बऱ्याचदा १.३७ x २४ असं कोरलेलं असतं, नसेल तर व्हर्नियर लावून नळीची रुंदी मोजा, कपांची कड सोडून फक्त नळी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ७० भरली तर थांबा, ती इटालियन असू शकते, तिचा व्यास ३६ मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंचे आटे सुलटे, पण आपल्याकडच्या हायब्रिडला ती निघण्याची शक्यता फार कमी. नळीला आटेच नसतील, बेअरिंग दाबून बसवलेलं असेल तर मग सगळंच गणित वेगळं, पण चौकोनी एक्सलच्या सायकलीला तसं सहसा नसतं. तर नळी ६८ आणि बीएसए निघाली की तुमचे नवे कप तिच्यात जाणार, त्यात शंका नाही. "बसतच नाही" हे या अर्थाने बरोबर नव्हतं.

आता दुसरा प्रश्न, इथे जरा थांबून नीट बघू कारण बहुतेक लोक इथेच फसतात. चेनलाईन म्हणजे फ्रेमच्या मधल्या रेषेपासून पुढच्या चकत्यांचा मध्य किती बाहेर आहे ते अंतर. रोडच्या दोन चकत्यांच्या क्रँकला ते ४३.५ मिलिमीटर असतं. तुमच्या सध्याच्या तीन चकत्यांच्या क्रँकला ते मधल्या चकतीपाशी मोजतात आणि ते ४७.५ किंवा ५० च्या आसपास असणार, कारण मागचा हब, चाकाचा मधला भाग, १३५ मिलिमीटरचा आहे आणि टायर जाड असल्यामुळे चेनस्टे, म्हणजे बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळ्या, पण फुगवून केलेले असतात. म्हणजे काय होतं बघा, रोडच्या क्रँकची मोठी ५० दात्यांची चकती मध्यापासून साधारण ४७ वर येते, म्हणजे आज जिथे तुमची ३८ ची चकती फिरतेय जवळजवळ त्याच जागी. ३८ च्या जागी ५०. ३८ ची चकती दात्यांच्या टोकापर्यंत धरली तर १६ सेंटीमीटर व्यासाची, ५० ची २१. ती अडीच सेंटीमीटर जास्तीची त्रिज्या थेट मागे उजव्या चेनस्टेवर जाते.

हे मी सांगतोय म्हणून मानू नका, घरी दहा मिनिटांत तपासता येतं. जाड पुठ्ठ्याचा २१ सेंटीमीटर व्यासाचा गोल कापा, मधोमध एक्सल जाईल एवढं भोक पाडा. नळी ६८ ची असेल तर तिचा अर्धा ३४, म्हणजे मोठी चकती नळीच्या उजव्या कडेपासून साधारण १३ मिलिमीटर बाहेर येणार. जुना उजवा क्रँक काढल्यावर तो पुठ्ठा त्या अंतरावर, फ्रेमला समांतर धरा आणि बघा चेनस्टेला टेकतो का. टेकला तर विषय संपला, तो क्रँक या सायकलीचा नाही. नुसता कसाबसा सुटला तरी मी नाही म्हणेन, कारण चढावर उभं राहून पायडल मारताना फ्रेम आणि चकती दोन्ही लवतात, २-३ मिलिमीटर मोकळी जागा हवीच. माझ्याकडे अशाच एका हायब्रिडवर कोणीतरी रोडचा क्रँक चढवून आणलेला, सपाटीवर सगळं गुळगुळीत, मालकाला कळेना की घाटात खर्र आवाज कुठनं येतो. स्टँडवर घेऊन चेनस्टेवर हात फिरवला तर आतल्या बाजूला बोट जाईल एवढी खाच, ॲल्युमिनियम चमकत होतं. त्या फ्रेमवर त्यांना परत सिंहगडाच्या उतारावर जाऊ द्यायला मला धीर झाला नाही.

मग वॉशर टाकून क्रँक बाहेर सरकवता येत नाही का, हा प्रश्न पुढे येतोच. एमटीबीच्या, म्हणजे माउंटन बाइकच्या, २४ मिलिमीटर एक्सलच्या क्रँकला येतो, त्याचा एक्सल ७३ च्या नळीच्या हिशोबाने लांब असतो म्हणून ६८ च्या नळीवर अडीच मिलिमीटरचे तीन स्पेसर घालतात, साधारण उजवीकडे दोन आणि डावीकडे एक. रोडच्या क्रँकचा एक्सल ६८ ला नेमका कापलेला असतो, स्पेसरला जागाच नसते. उजवीकडे जबरदस्तीने स्पेसर घातला की तेवढाच डावा क्रँक एक्सलवर कमी चढतो, आतली सुरक्षेची पिन तिच्या भोकात पडत नाही, आणि तुमचं सगळं वजन अर्ध्या पकडीवर येतं. हे करू नका. कोणी करून दिलं तरी घेऊ नका.

आणि समजा चकती सुटली, सगळं बसलं, तरी चिपळूणला राहणाऱ्या माणसाने ५०-३४ घ्यावा का हा मला पडलेला प्रश्न. तुम्ही लिहिलंय की महिन्यातनं एकदा कुंभार्ली घाट चढता. आज तुमचा सगळ्यात हलका गिअर २८ ला ३२, एका पायडलच्या फेऱ्यात सायकल साधारण १.९ मीटर पुढे जाते. ३४ ला ३२ केलं की २.३ मीटर, म्हणजे तोच घाट २१ टक्के जड गिअरवर. तरुण, हलका, रोज चालवणारा माणूस असेल तर चालेल, सामान लादून जाणारा असेल तर गुडघे बोलतील. शिवाय हँडलवरचा पुढचा शिफ्टर तीन जागांचा आहे, डिरेलर तीन चकत्यांच्या आकाराचा खोल पिंजऱ्याचा, ८ स्पीडची चेन जाड आणि नवा क्रँक ११ स्पीडचा असेल तर त्याच्या दोन चकत्यांमधली फट बारीक. प्रत्येक गोष्टीवर काहीतरी उपाय निघतो पण सगळे उपाय एकावर एक रचले की मग सायकल कधीच नीट सेट होत नाही, दर आठवड्याला काहीतरी घासतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, आटे जुळतील, चेनलाईन जुळणार नाही, गिअर तुमच्या रस्त्याला जड पडतील. क्रँक न वापरलेला असेल तर परत करा किंवा रोड सायकलवाल्या कोणाला द्या, पॅकिंग फोडू नका.

त्या जागी मी काय केलं असतं. तुमची तक्रार मुळात दोन गोष्टींची आहे, बीबीचं बेअरिंग गेलंय आणि डाव्या क्रँकचं चौकोनी भोक ढिल्या बोल्टवर चालवल्यामुळे फाकलंय. ते भोक एकदा फाकलं की परत कितीही घट्ट करा, ५०-१०० किलोमीटरमध्ये परत ढिलं होणार, कारण ॲल्युमिनियमच्या भिंती स्टीलच्या एक्सलवर आता चारही बाजूंनी टेकतच नाहीत. काढल्यावर भोक उजेडात धरून बघा, कडा सरळ असतात त्या तुम्हाला गोलसर, चेपलेल्या दिसतील. उजव्या क्रँकचं भोक चांगलं असेल आणि चकत्यांचे दाते शार्कच्या दातासारखे वाकलेले नसतील तर नुसता डावा क्रँक आणि नवी सीलबंद कार्ट्रिज बीबी, एवढ्यात काम होतं. डाव्या क्रँकची लांबी मागच्या बाजूला कोरलेली असते, १७० असेल तर १७० च घ्या. चकत्या पण संपल्या असतील तर चौकोनी एक्सलचाच तीन चकत्यांचा पूर्ण क्रँक घ्या. तुम्हाला २४ मिलिमीटरचंच हवं असेल, आणि ते हवं असणं समजू शकतो, ते कडक असतं आणि काढघाल सोपी असते, तर एमटीबी किंवा ट्रेकिंगचा ६८/७३ ला चालणारा तीन चकत्यांचा घ्या.

कार्ट्रिज बीबी घेताना दोन आकडे लागतात, नळीची रुंदी आणि एक्सलची लांबी. एक्सल ११० पासून १२७.५ पर्यंत वेगवेगळ्या लांबीत येतात, ११३, ११८, १२२.५ हे नेहमीचे. जुन्या बीबीच्या अंगावर ६८ आणि १२२.५ असं काहीतरी छापलेलं असतं, गंजाने पुसलं असेल तर एक्सल टोकापासून टोकापर्यंत मोजा. जुनाच क्रँक ठेवणार असाल तर तोच आकडा घ्या. क्रँक बदलणार असाल तर जुना आकडा डोळे झाकून घेऊ नका, कुठल्या क्रँकला कुठली लांबी ते क्रँक बनवणाऱ्यांनी दिलेलं असतं. चुकून ५ मिलिमीटर लांब घेतला तर उजवीकडे चेनलाईन अडीच मिलिमीटर बाहेर जाते, आणि तेवढ्याने पुढचा डिरेलर मोठ्या चकतीपर्यंत पोचायला कां-कूं करायला लागतो. चौकोनी एक्सलमध्ये पण जपानी आणि युरोपी असे दोन माप आहेत, दिसायला सारखेच, तुमच्या शिमानोसारख्या जपानी घरातल्या वस्तूंना जपानी माप.

आता काढायचं काम. दोन्ही क्रँकचे बोल्ट काढा, ८ ची ॲलन किंवा १४ चा सॉकेट. बोल्टबरोबर वॉशर बाहेर आला का ते बोट घालून बघा, तो आत राहिला तर पुलर, म्हणजे क्रँक खेचून काढायचं हत्यार, नीट बसत नाही आणि क्रँकचे आटे खेचून बाहेर येतात. पुलरची आतली दांडी आधी पूर्ण मागे घ्या, मग पुलर हाताने क्रँकमध्ये शेवटपर्यंत फिरवा, ते आटे २२ मिलिमीटरचे आणि बारीक, दोन आट्यांवर टेकवून जोर लावला की गेले. शेवटपर्यंत गेल्यावरच दांडी आत घ्या, क्रँक हळूहळू सुटून येतो.

नंतर बीबी. हिला २० दात्यांचा रिमूव्हर लागतो. रिमूव्हर नुसता लावून पाना फिरवू नका, क्रँकचाच बोल्ट आणि एक मोठा वॉशर घेऊन रिमूव्हर एक्सलवर आवळून ठेवा म्हणजे तो निसटणार नाही. आधी डावा कप काढा, तो सुलट्या आट्याचा, घड्याळाच्या उलट सुटतो. उजवा उलट्या आट्याचा, घड्याळाच्या दिशेने सुटतो. लोक इथे गोंधळतात म्हणून मी एक साधी खूण सांगतो, दोन्ही बाजूंना तीच लागू पडते: ज्या बाजूला काम करताय त्या बाजूला उभं राहा, पान्याचा दांडा नळीच्या वरच्या अंगाला उभा ठेवा, दांडा मागच्या चाकाकडे नेला की कप घट्ट, पुढच्या चाकाकडे नेला की सुटणार. पायडलला बरोबर याच्या उलट, पुढच्या चाकाकडे घट्ट.

उजवा उलटा का असतो, तर एक पेन्सिल घ्या, दुसऱ्या हाताची बोटं गोल करून तिच्यात ती ढिली धरा आणि पेन्सिलचं टोक गोल गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेला सरकत जाते. बेअरिंगवर फिरता भार आला की कपाचं पण तसंच होतं, दर फेऱ्याला केसभर सरकतो, आणि सुलटे आटे असते तर उजवा कप चालवता चालवता सुटत गेला असता. इटालियन नळीला हाच त्रास म्हणून तिथे जास्त आवळावं लागतं.

मी शिकत असताना, दुसरंच वर्ष असेल, एक उजवा कप जाम होता. मी तो घड्याळाच्या उलट फिरवत राहिलो, म्हणजे घट्टच करत राहिलो, हलेना म्हणून पान्यावर तीन फुटी पाइप चढवला. रिमूव्हर निसटला, कपाचे २० पैकी अर्धे दाते एका झटक्यात चेपले आणि माझी बोटं चेनस्टेवर आपटली. तो कप शेवटी आतनं करवतीने कापून काढावा लागला, वडिलांनी दोन संध्याकाळी घालवल्या त्यात, एक एक आटा न दुखवता. तेव्हापासून पाइप लावायच्या आधी मी दिशा मोठ्याने बोलून घेतो, आजसुद्धा.

तुमच्या बीबीला पूर लागलाय, तेव्हा ती जाम असणार हे धरूनच चाला. स्टीलचा कप ॲल्युमिनियमच्या नळीत पाणी आणि चिखलात राहिला की दोघांमध्ये पांढरट भुकटीसारखा गंज धरतो आणि तो कपाला नळीत अक्षरशः चिकटवतो. सायकल आडवी करा, सीट ट्यूबमधनं आणि कपाच्या कडेनं आत मुरणारं तेल सोडा, दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं, मग सायकल दुसऱ्या कुशीवर. हेअर ड्रायरने नळी हाताला चटका बसेल इतपत गरम केली तर अजून मदत होते, ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं. गॅसची शेगडी, ब्लो-टॉर्च वगैरे आग लावू नका, रंग तर जातोच, फ्रेमची ताकद पण जाते. तरीही हलत नसेल तर रिमूव्हर मजबूत व्हाइसमध्ये पकडायचा, त्यावर फ्रेम उतरवायची आणि फ्रेमच दोन्ही हातांनी ट्रकच्या स्टिअरिंगसारखी फिरवायची, एवढा लांब दांडा दुसरा कुठला मिळणार नाही आणि जोर सरळ लागतो. कट्ट असा मोठा आवाज येतो, घाबरू नका, तो गंज सुटल्याचा आवाज. हे घरी जमणार नसेल, व्हाइस नसेल, तर एवढं एकच काम दुकानात करून घ्या. इथे पैसे वाचवायला जाऊ नका.

बीबी निघाली की माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास सुरू होतो. जुना टूथब्रश आणि रॉकेल घेऊन नळीचे आटे घासा, चिखल, पांढरी भुकटी, जुनं वाळलेलं ग्रीस सगळं. पातळ सुती चिंधी आट्याच्या दिशेने फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे आटा फाटलेला आहे. टॉर्चने बघा. पहिला-दुसरा आटा थोडा चेपलेला असेल तर चालतं, चार-पाच आटे गेलेले असतील तर बीबीचा टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, असलेल्या दुकानात साफ करून घ्या, आणि उजव्या बाजूला उलटाच टॅप लागतो हे त्यांना माहीत आहे का ते आधी विचारा. नळीच्या कडांवर रंगाचे थेंब वाळलेले असले तर ते खरवडा. बाहेरच्या बेअरिंगचे कप बसवणार असाल तर या कडा एकमेकींना समांतर असणं फार गरजेचं, नाहीतर दोन बेअरिंग एका रेषेत येत नाहीत आणि सहा महिन्यांत खरखर सुरू होते. आतल्या कार्ट्रिजला तेवढं लागत नाही, दोन्ही बेअरिंग एकाच डब्यात असतात, म्हणून जुन्या, मार खाल्लेल्या फ्रेमला मी कार्ट्रिजच सुचवतो.

आट्यांना सढळ हाताने ग्रीस लावा, नळीच्या आणि कपाच्या दोन्ही. हेच ग्रीस पुढच्या वेळी बीबी बाहेर काढू देणार आहे. आणि मग नवी बीबी पान्याने लावायची नाही, बोटांनी लावायची. आधी कप सुटायच्या दिशेने हळूच फिरवा, एका जागी टक् करून आटा आट्यावरनं खाली पडलेला बोटांना जाणवतो, तिथनं पुढे घट्ट दिशेला फिरवा. तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत, अगदी लोण्यात सुरी जावी तसे. अर्ध्या फेऱ्यात अडलं तर वाकडं लागलंय, काढा, पुसा, परत लावा, दहा वेळा लागलं तरी चालेल. उजवी बाजू कॉलर टेकेपर्यंत, मग डावा कप, आणि मग पाना. शिमानोच्या कार्ट्रिज बीबीला ५० ते ७० न्यूटन मीटर आवळतात, टॉर्क रेंच नसेल तर फूटभर पाना घेऊन एका हाताने चांगला जोर, एवढं धरा. बाहेरचे कप असतील तर त्यांना १६ खाचांचा वेगळा पाना लागतो, आणि नव्या कपांचा व्यास छोटा असतो म्हणून जुना पाना त्यांना बसत नाही, प्लास्टिकचा ॲडाप्टर बऱ्याचदा डब्यातच मिळतो, तो फेकू नका.

चौकोनी क्रँक चढवताना एक्सलची टोकं आणि क्रँकचं भोक कोरडं स्वच्छ पुसा. ग्रीस लावायचं की नाही यावर कारागिरांचे दोन तट आहेत, मी बोटाने पुसट हात फिरवतो, पाऊसपाण्यात गंज धरू नये एवढाच, पण बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीस हवंच. दोन्ही क्रँक एकमेकांच्या बरोबर उलट आहेत ना बघा आणि बोल्ट ३५ ते ५० न्यूटन मीटर आवळा, मी ४० ला थांबतो. हातोडीने क्रँक ठोकून बसवू नका, तो धक्का सरळ बेअरिंगच्या छर्‍यांवर जातो.

एमटीबीचा २४ मिलिमीटरवाला घेतलात तर एक्सलला ग्रीस लावून उजवीकडनं आत सरकवायचा, शेवटचं थोडं रबरी हातोडीने. डावा क्रँक चढवला की टोकाला जी प्लास्टिकची टोपी लागते ती फक्त बेअरिंगचा खेळ काढण्यापुरती, ०.७ ते १.५ न्यूटन मीटर, म्हणजे दोन बोटांनी जेवढी जाईल तेवढीच. ती पान्याने आवळणारे मी खूप पाहिलेत आणि त्यांची बेअरिंग वर्षभर पण टिकत नाहीत. मग सुरक्षेची पट्टी खाली दाबा म्हणजे पिन भोकात बसेल, आणि मग ते दोन बोल्ट आलटून पालटून, एक थोडा, दुसरा थोडा, १२ ते १४ पर्यंत. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर दुसरा खोटं खोटं घट्ट लागतो.

झाल्यावर चेन चकतीवरनं काढून क्रँक नुसता फिरवा, एक क्रँक धरून आत-बाहेर हलवून बघा, खेळ शून्य पाहिजे. ४८ ची चकती तशीच ठेवलीत तर चेनची लांबी बदलत नाही, पण क्रँक दुसरा असेल तर पुढे मोठी, मागे मोठी असं एकदा स्टँडवर घालून बघाच, चेन ताणली जात असेल तर रस्त्यावर चुकून तो गिअर पडला की मागचा डिरेलर तुटतो. पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चकतीच्या दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटर वर ठेवा.

चौकोनी क्रँकचे बोल्ट पहिल्या ५० किलोमीटरनंतर एकदा तपासा, नंतर दर राइडला आवळत बसू नका, प्रत्येक वेळी क्रँक एक्सलवर अजून थोडा चढतो आणि शेवटी भोक तडकतं. आणि ढिला झालेला जाणवला तर तिथेच उतरा, ८ ची ॲलन बॅगेत ठेवा आता कायम, नसेल तर ढकलत न्या, पण चालवू नका.

एक राहिलं. कट्-कट् बीबीचीच आहे ही खात्री करूनच सुरुवात करा, डावं-उजवं पायडल अदलाबदल करता येत नाहीत पण दुसऱ्या सायकलचे लावून बघता येतात, सीटवरनं उठून पायडल मारल्यावर आवाज जातो का ते बघा, चकत्यांचे बोल्ट आवळा. तुमच्या वर्णनावरनं मला बीबी आणि डावा क्रँकच वाटतोय. नळीची रुंदी, जुन्या एक्सलची लांबी आणि काढल्यावर नळीच्या आतला टॉर्च मारून घेतलेला फोटो, या तीन गोष्टी इथे टाका, मग कुठली बीबी घ्यायची ते मी नेमकं सांगतो.